हल्कला हिरवा कुणी केला?

दिल्ली बघायला आलात तर कस्तुरबा गांधी मार्गावर तुमची एक चक्कर होईलच. कॅनॉट प्लेसपासून इंडिया गेटकडे जाणारा हा रस्ता, जुन्या लोकांचा कर्झन रोड. नवं महाराष्ट्र सदन इथेच आहे, अमेरिकन सेंटर इथेच, आणि हिंदुस्तान टाइम्सची इमारतही इथेच. वर्तमानपत्राच्या दारात आलोच आहोत, तर एक गंमत करू. आजचा अंक घ्या आणि त्यातल्या रंगीत फोटोवर भिंग धरा.

फोटो गायब! उरतात फक्त ठिपके. निळे, गुलाबी, पिवळे, काळे. मघाशी दिसलेलं हिरवं झाड म्हणजे निळ्या आणि पिवळ्या ठिपक्यांची गर्दी. वर्तमानपत्र हातभर अंतरावर असताना दोन ठिपके फारच जवळजवळ असतील, तर डोळ्याला ते वेगळे ओळखता येत नाहीत. तो त्यांची भेसळ करून टाकतो आणि आपण म्हणतो, वा, काय हिरवंगार!

जुन्या अमेरिकन कॉमिक्समध्ये हेच ठिपके चांगले ठसठशीत असायचे. 1938 साली सुपरमॅन पहिल्यांदा अवतरला, त्या अंकाची किंमत होती अवघे 10 सेंट. एवढ्या स्वस्तात द्यायचं तर कागद वर्तमानपत्राचाच. तो कागद शाई पितो. त्यावर बारीक ठिपके छापले, तर ते पसरून एकमेकांत मिसळतील आणि नुसता चिखल होईल. म्हणून ठिपके मोठे, अंतर जास्त.

आता थोडं गणित. पिवळी, लाल आणि निळी अशा तीन शाया. प्रत्येकीच्या चार पायऱ्या: अजिबात नाही, पाव, अर्धी, पूर्ण. एकूण रंग किती झाले? चार गुणिले चार गुणिले चार, म्हणजे 64. पांढरासुद्धा त्यातच मोजलाय. रंग ठरवणारा माणूस चित्राच्या प्रतीवर रंग भरून कडेला खुणा लिहायचा. माणसाच्या चेहऱ्याला पाव पिवळा, पाव लाल. मग कनेटिकटमधल्या ब्रिजपोर्ट शहरात प्रत्येक शाईचा भाग हाताने वेगळा केला जाई. हे डोळेफोडीचं काम करणाऱ्या बहुतेक बायका होत्या. कॉमिक्सवर त्यांची नावं शोधू नका, सापडायची नाहीत. छपाईत एखादी शाई जराशी सरकली, की सुंदरीची लाली ओठांवरून थेट गालावर!

1962 साली चित्रकार जॅक कर्बीने हल्क हा महाकाय नायक काढला. संपादक स्टॅन ली यांनी त्याला राखाडी रंग दिला. रंगकर्मी स्टॅन गोल्डबर्ग आधीच म्हणाले होते, हे जमायचं नाही. कारण राखाडीला तिन्ही शाया हलक्या आणि अगदी तोलून लागतात. एक जरा जास्त झाली, की छटा बदललीच. पहिल्या अंकात तसंच झालं. हल्क कुठे फिका, कुठे काळपट, कुठे हिरवट. दुसऱ्या अंकापासून तो सरळ हिरवा झाला.

राखाडीचं नशीबच खोटं म्हणायचं. तुमच्या आजोबांना कॉमिक्समधल्या वेताळाबद्दल विचारा. चालतंबोलतं भूत, कवटीची अंगठी. 1964पासून टाइम्स ऑफ इंडियाच्या इंद्रजाल कॉमिक्समध्ये तो यायचा. त्याचा जनक ली फॉक. फॉकच्या मनात वेताळाचा पोशाख राखाडीच होता, पण रविवारच्या रंगीत पानात तो जांभळा छापून आला. स्वीडनमध्ये निळा, इटलीत लाल! आपल्याकडे तर त्याच्या देशाचंही नाव बदलून डेंकाली झालं. इंद्रजालची रंगवलेली मुखपृष्ठं करणारे बी. गोविंद हे आपलेच चित्रकार. मला तर कित्येकदा आतल्या चित्रांपेक्षा त्यांचं मुखपृष्ठच जास्त आवडतं.

इंद्रजालवर काम केलेल्या अनंत पै यांनी पुढे अमर चित्र कथा काढली. सुरुवातीला खर्च वाचवायला पिवळा, निळा आणि हिरवा एवढ्यावरच भागवलं. हिरव्यासाठी वेगळी शाई लागत नाही, हे तुम्हाला आता ठाऊक आहेच. राम वाईरकरांनी काढलेला नायक होता कृष्ण. अंग निळं, पीतांबर पिवळा. विषय तरी किती सोयीचा!

नाव न छापलेल्यांत माझा सर्वांत लाडका म्हणजे कार्ल बार्क्स. डोनाल्ड डकच्या शेकडो गोष्टी त्यांनी लिहिल्या आणि काढल्या, पण अंकावर नाव असायचं फक्त वॉल्ट डिस्नेचं. मुलं मात्र पक्की! त्यांनी ही चित्रं बरोबर वेगळी ओळखली आणि त्या अनोळखी माणसाला ‘बदकांचा चांगला चित्रकार’ म्हणू लागली. बार्क्स यांच्या 1949च्या एका गोष्टीत डोनाल्ड आणि त्याचे भाचे बुडालेली बोट वर काढतात. कशी? तिच्यात पिंगपाँगचे चेंडू भरून. चेंडू आतलं पाणी बाहेर ढकलतात, स्वतः हलके असतात, आणि बोट वर येते. 1964 साली कुवेतजवळ एक खरं जहाज बुडालं. डेन्मार्कच्या कार्ल क्रोयर यांनी त्यात नळीने थर्माकोलच्या कोट्यवधी गोळ्या भरल्या आणि जहाज तरंगवलं. डोनाल्डचे चाहते त्याचं श्रेय आजही बदकालाच देतात.