क्रूझ बुक करताय? आधी हे वाचा!

हैदराबादच्या जामबागेतल्या मंडळींनो, सुट्टीत मुंबई-गोवा क्रूझचा बेत असेल तर हे जरूर वाचा.

जानेवारी २०२२. सुमारे दोन हजार जणांना घेऊन गोव्याला गेलेलं 'कॉर्डेलिया' जहाज मुरगावला अडकलं. चाचणीत ६६ जण कोरोनाबाधित निघाले. प्रवाशांना उतरायची परवानगी मिळेना. अखेर जहाज मुंबईला परतलं.

युरोपियन संघात जहाजाच्या प्रवाशांसाठी २०१० चा नियम आहे: जहाज निघायला उशीर झाला, तर ठरलेल्या वेळेनंतर ३० मिनिटांच्या आत प्रवाशांना कळवायलाच हवं. ९० मिनिटांहून जास्त उशीर होणार असेल, तर शक्य तिथे मोफत खाणंपिणंही द्यायचं. आपल्याकडेही असा हक्क हवाच!

तोवर एवढं करा:
✅ एखादं बंदर वगळलं तर परतावा किती, हे अटींमध्ये वाचा.
✅ हैदराबादच्या परतीच्या गाडीचं तिकीट क्रूझ संपण्याच्या दुसऱ्या दिवशीचं काढा.
✅ प्रवास विम्यात उशिराची भरपाई आहे का, ते तपासा.