इंजिन धुवा, पण रॉकेलनं नको

किन्हीराजा गावात सोयाबीनची काढणी आटोपली की गाडीचं बॉनेट उघडून बघावं. पाझरलेल्या ऑइलवर भुसा नि धूळ बसून काळा चिकट थर झालेला असतो. तो काढायला रॉकेल, पेट्रोल वापरू नका, हे मी कळकळीनं सांगतो. त्यानं रबरी पाइप फुगतात, शिवाय आगीचा धोका. कॉस्टिक सोडाही टाळा. तो ॲल्युमिनियम खातो. पाण्यात मिसळणारा, ॲल्युमिनियम व रबराला चालतो असं डब्यावर लिहिलेला डिग्रीझरच घ्या. इंजिन थंड होऊ द्या, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, अल्टरनेटर आणि फ्यूज बॉक्स प्लास्टिकनं झाका. डिग्रीझर लावून ब्रशनं घासा, वाळण्याआधी ओल्या फडक्यानं पुसा. स्वच्छ इंजिनावर नवी गळती लगेच दिसते आणि मोठा खर्च टळतो.