जुनी नौका आणि जाणत्यांचा शब्द

पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात असलेले आणि २०१६ पासून स्वतःच स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण झालेले निर्मल हे गाव समुद्रापासून फार दूर आहे. जवळचे मोठे पाणी म्हणजे गोदावरी. मात्र लाकडाची जाण असलेली माणसे पाहावयाची असतील, तर किनाऱ्यावरच्या माणसानेही एकदा या गावी अवश्य जावे. येथील नक्काश मंडळी पोनिकी नावाच्या हलक्या लाकडाची खेळणी घडवितात. वेगवेगळे कोरलेले भाग चिंचोक्याची खळ व लाकडाचा भुसा यांच्या लगद्याने सांधतात आणि सांधा बुजल्यावरच रंगाला हात घालतात. आम्ही तेथे गेलो असता एका वृद्ध कारागिरापुढे कोणीतरी एक जुने, रंग उडालेले खेळणे ठेवले. त्याने रंगाकडे पाहिलेसुद्धा नाही. ते कानाशी धरून हलविले, सांध्यावरून अंगठा फिरविला आणि म्हणाला, ‘‘आधी हा उघडावा लागेल.’’

आम्हांला तत्काळ आमच्या शापोऱ्याच्या काठची एक गोष्ट आठवली. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनी निवृत्तीनंतर हौसेने शिडाची एक जुनी लाकडी होडी विकत घेतली. घेतल्याबरोबर त्यांनी काय करावे? उत्तम प्रतीचा पांढरा रंग आणून तिला नववधूप्रमाणे सजविले. नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यात लोटली, आणि संध्याकाळपर्यंत तिच्या तळाशी गुडघाभर पाणी! घाबरून त्यांनी ती पुन्हा वर ओढली व फळ्यांच्या प्रत्येक फटीत हातोडीने कापूस ठासला. शेजारच्या वाडीतील एका म्हाताऱ्या तांडेलाने ते पाहून त्यांचा हातच धरला. ‘‘भाऊ, चार दिवस तिला पाणी पिऊ दे. लाकूड फुगेल, फटी आपोआप मिटतील. एवढा कापूस ठासलास तर फळी फुगायला जागा कुठे? ती खिळ्यातून सुटेल.’’ गृहस्थ सुशिक्षित होते. त्यांच्या कपाटात नौकानयनावरची इंग्रजी पुस्तके होती. परंतु होडी वाचली ती शेजाऱ्याच्या चार वाक्यांनी.

हा प्रसंग क्षुल्लक वाटेल. परंतु जुन्या नौकेविषयीचे सारे शास्त्र त्यात आले आहे, असे आमचे मत आहे. नवी नौका कारखान्याच्या भरवशावर चालते, जुनी नौका चालते ती दुसऱ्या जुन्या नौकेच्या धन्याने सांगितलेल्या अनुभवावर.

याचे जगप्रसिद्ध उदाहरण आपल्याच किनाऱ्यावर जन्मले आहे, याचे स्मरण किती जणांना असेल? ‘सुहेली’ ही बत्तीस फुटी नौका मुंबईत १९६३-६४च्या सुमारास सागवानात बांधली गेली. तासणी आणि हाताचे सामते घेऊन काम करणाऱ्या आपल्या सुतारांनी तिची एकेक फळी बसविली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या तरुण इंग्रज दर्यावर्द्याने १४ जून १९६८ रोजी फाल्मथहून ती एकट्याने हाकारली आणि २२ एप्रिल १९६९ रोजी, कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून, त्याच बंदरात आणली. शर्यतीत निघालेल्या नऊ जणांपैकी ती पुरी करणारा तो एकटाच. पण मार्ग निर्वेध होता असे मात्र नव्हे. अटलांटिकमध्येच नौका गळू लागली, तेव्हा त्याने भर समुद्रात पाण्याखाली बुडी मारून फटीत कापूस बसविला व वर तांब्याची पट्टी ठोकली. पुढे आपोआप सुकाणू धरणारे यंत्र मोडले, पिण्याचे पाणी नासले, रेडिओ बंद पडला. ज्याला आपल्या नौकेचा सांधा न् सांधा ठाऊक होता, तोच यातून पार पडू शकला.

या नौकेची पुढील कथा आम्हांला अधिक बोधप्रद वाटते. सुहेलीला इंग्लंडमधील एका संग्रहालयात मानाने ठेवण्यात आले. तेथील कोरड्या हवेत तिच्या फळ्या आकसू लागल्या. महासागराने जिला काही केले नाही, ती सन्मानाने मरू लागली! शेवटी तिच्या धन्यानेच तिला बाहेर काढले, वयाची सत्तरी ओलांडल्यावर स्वतः हत्यारे हातात घेऊन तिच्या गंजलेल्या लोखंडी जोडण्या बदलल्या आणि तिला पुन्हा पाण्यावर आणले. नौका काचेमागे टिकत नाही, ती वापरात टिकते.

आता हे टिकविणे म्हणजे नेमके काय, ते जाणत्यांकडून ऐकलेले येथे थोडक्यात नोंदवून ठेवतो. पहिली गोष्ट, जुन्या लाकडाचा वैरी समुद्राचे खारे पाणी नव्हे, तर पावसाचे गोडे पाणी. मीठ लाकूड राखते. गोडे पाणी सांध्यात साचले की बुरशी धरते व लाकूड आतून कुजते. म्हणूनच आपले मच्छीमार आषाढापूर्वी होडी वर ओढून तिच्यावर माडाच्या झापांचे छप्पर घालतात, आणि त्या छपराखालून वारा खेळता ठेवतात. प्लास्टिकच्या कापडात नौका गच्च गुंडाळणारा मनुष्य तिला पावसापासून वाचवितो खरा, पण घामाने कुजवितो. दुसरी गोष्ट, पाण्याखालचे लाकूड पोखरणारा किडा रंगाच्या एवढ्याशा ओरखड्यातून शिरतो. तेव्हा तळ दरसाल वर काढून आरीच्या टोकाने टोचून पाहावा. टोक सहज रुतले की तेवढी फळी गेली असे समजावे. तिसरी गोष्ट, लोखंड आणि तांबे यांना खाऱ्या पाण्यात शेजारी नांदवू नये; त्यांत लोखंडच लवकर खाल्ले जाते. चौथी गोष्ट शिडाची. शीड वाऱ्याने फाटण्याआधी उन्हाने जीर्ण होते. काम संपताच ते झाकावे. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारा मधे तुटत नाहीत, टोकाशी तुटतात. म्हणून टोकावरून बोट फिरवावे, एखादा तंतू जरी टोचला तरी ती तार बदलावी.

सफरीचेही तसेच. गोव्याहून मालवण, विजयदुर्ग, रत्नागिरीकडे जुनी नौका न्यावयाची असेल, तर पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत पहाटेच्या मतलई वाऱ्यावर निघावे आणि दुपारचा खारा वारा वायव्येकडून अंगावर येण्यापूर्वी खाडी गाठावी. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा असतो. तेथे भरती लागल्यावर शिरावे, ओहोटीच्या धारेशी झगडू नये. तळ दुरुस्तीसाठी वर काढावयाचा असल्यास अमावास्या-पौर्णिमेचे उधाण धरावे. भांगाच्या भरतीत वर काढू म्हणणारा चिखलात अडकतो. यांतील कोणतीही गोष्ट नवी नाही. परंतु ती सांगणारी तोंडे आता कमी होत चालली आहेत.

शब्दाने शब्द कसा पुढे जातो, हे आपल्याच दिवाडी बेटाने गेल्या काही वर्षांत दाखवून दिले आहे. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनी भारतीयाने एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा ध्यास घेतला. दिवाडीच्या कारखान्यात रत्नाकर दांडेकर यांनी छप्पन्न फुटी नौका बांधली. तिला आमच्या जीवनदायिनी नदीचे ‘म्हादेई’ हे नाव मिळाले. कमांडर दिलीप दोंदे यांनी त्याच नॉक्स-जॉन्स्टन यांच्या नौकेच्या तयारीत हाताखाली राबून विद्या घेतली आणि ऑगस्ट २००९ ते मे २०१० या काळात परिक्रमा पुरी केली. २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी त्याच म्हादेईतून कोठेही न थांबता ती केली. पुढे दोंदे यांनी नौदलातील तरुणींना शिकविले. त्या सहा जणी २०१७-१८ मध्ये ‘तारिणी’तून जग फिरून आल्या. आणि टॉमी यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेल्या दिलना व रूपा या दोघीजणी त्याच तारिणीतून २ ऑक्टोबर २०२४ रोजी गोव्याहून निघून २९ मे २०२५ रोजी गोव्यास परतल्या. मुंबईच्या सुतारांनी घडविलेल्या सुहेलीपासून या दोघींपर्यंत एक अखंड गुरुपरंपरा आहे. हे सारे ज्ञान केवळ ग्रंथातून आलेले नाही. एकाने दुसऱ्याच्या शेजारी बसून, हात काळे करून ते घेतले आहे.

नौदलाच्या हाती साधने आहेत, त्यामुळे तेथे ही परंपरा टिकेल. प्रश्न आहे तो आमच्या खाड्यांतला. यंत्रे आली, फायबरच्या होड्या आल्या. कष्टकऱ्याचे श्रम वाचले, आणि त्याबद्दल आम्ही खेद करणार नाही. ज्याला रोज पोटासाठी समुद्रावर जावयाचे आहे, त्याने आमच्या हौसेखातर जुने शीड ओढीत बसावे असे म्हणणे हा शहरी अप्पलपोटेपणा होईल. परंतु उरलेल्या लाकडी नौका राखावयाच्या, तर त्यांचा वैद्यही राखावयास हवा. सुताराचा मुलगा बापाचा धंदा सोडतो, कारण वर्षातून दोन होड्यांच्या दुरुस्तीवर घर चालत नाही. त्याला दोष देणे सोपे आहे. त्याला काम देणे हाच खरा उपाय होय.

आमची सूचना साधी आहे. नारळी पौर्णिमेच्या आधी पंधरवडाभर जुन्या नौकांच्या धन्यांनी आपापल्या बंदरी एकत्र जमावे, एकमेकांच्या नौका टोचून, ठोकून पाहाव्यात, आणि जाणत्या तांडेलास व सुतारास मानाने बोलावून त्याची पुरी मजुरी द्यावी. फुकटचा सल्ला गोड लागतो, पण तो देणारा उपाशी राहिला तर पुढच्या वर्षी तो मिळत नाही. सरकारच्या तांत्रिक शिक्षणसंस्थांनी यंत्रदुरुस्तीबरोबर लाकडी नौकेच्या दुरुस्तीचाही छोटा अभ्यासक्रम ठेवावा, आणि तेथे शिकविणाऱ्याकडे पदवी मागू नये. शाळा-महाविद्यालयांतील मराठी-कोंकणीच्या अध्यापकांनी नौकेच्या एकेका भागाची नावे म्हाताऱ्या खलाशांकडून उतरवून घ्यावीत. कारण नाव विसरले की वस्तूकडे लक्ष जाणेही थांबते.

शापोऱ्याचे आमचे गृहस्थ आता दरसाल होडी वर काढतात तेव्हा प्रथम रंगाचा डबा उघडत नाहीत. त्या तांडेलाच्या घरी जातात. गेल्या वर्षी तांडेलाला डोळ्यांनी फारसे दिसत नव्हते. त्याला हाताला धरून होडीपाशी आणले, आणि त्याने निर्मलच्या त्या कारागिराप्रमाणेच नुसता अंगठा फिरवून तिसऱ्या फळीचा कुजका भाग दाखविला. तो अंगठा आहे तोवर त्याच्याशेजारी बसून शिकणारा एखादा तरुण आपण शोधला पाहिजे.