बीपीची गोळी सलूनच्या खुर्चीत

लॉस एंजेलिस परिसरातल्या ५२ सलूनमध्ये झालेल्या एका प्रयोगाचा अहवाल २०१८ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला. सलूनं कृष्णवर्णीयांच्या मालकीची, आणि प्रयोगात सहभागी झालेले ३१९ कृष्णवर्णीय पुरुष त्यांची नेहमीची गिऱ्हाइकं. सगळ्यांचं बीपी वाढलेलं. वरचा आकडा १४० किंवा त्याहून जास्त. सहा महिन्यांनी सलूनमध्येच औषध मिळालेल्या गटाचा वरचा आकडा सरासरी २७ने खाली आला, नुसता सल्ला मिळालेल्या गटाचा ९ने. हा आकडा १०ने जरी उतरला, तरी हृदयविकाराचा झटका, पक्षाघात अशा मोठ्या आजारांचा धोका साधारण एक पंचमांशाने कमी होतो. त्या हिशेबाने २७ म्हणजे फारच मोठी मजल.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय पुरुषांमध्ये उच्च रक्तदाबामुळे होणारे मृत्यू इतरांपेक्षा कितीतरी जास्त आहेत, आणि डॉक्टरकडे जाण्याचं प्रमाण कमी. यामागे पैशाची अडचण आहे, तसा इतिहासही आहे. अलाबामातल्या टस्कीगी इथे १९३२ ते १९७२ या काळात सरकारी आरोग्य खात्याने सिफिलिस झालेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांना उपचाराविना ठेवलं. पेनिसिलीन उपलब्ध झाल्यावरही ते त्यांना दिलं नाही. रोग कसा वाढत जातो ते पाहायचं होतं. ज्या समाजाने हे सोसलं, तो पांढऱ्या कोटावर सहजासहजी विश्वास कसा ठेवील? सलूनचं तसं नाही. दर दोन-तीन आठवड्यांनी माणूस तिथे जातो, त्याच खुर्चीत बसतो, घरचं-दारचं बोलतो.

हे हेरलं ते हृदयरोगतज्ज्ञ रोनाल्ड व्हिक्टर यांनी. पण लॉस एंजेलिसच्या आधी त्यांनी डॅलसमध्ये जे केलं, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण ते फारसं जमलं नव्हतं. तिथल्या १७ सलूनमध्ये त्यांनी प्रयोग केला. निम्म्याहून अधिक सलूनमध्ये काम सलूनचालकांवरच सोपवलेलं होतं: केस कापायला आलेल्याचं बीपी मोजायचं आणि ते जास्त निघालं तर त्याला डॉक्टरकडे जायला सांगायचं. २०११ साली निकाल आला. बीपी आटोक्यात आलेल्यांचं प्रमाण थोडं वाढलं खरं, पण तुलनेच्या गटाशी ताडून पाहता वरच्या आकड्यात जेमतेम २.५चा फरक पडला. लोकांनी सलूनवाल्याचं ऐकलं होतं. पण त्याच्या खुर्चीपासून औषधाच्या गोळीपर्यंतची वाट लांब होती, आणि बरेच जण त्या वाटेवरच गळले.

म्हणून लॉस एंजेलिसमध्ये ही वाटच काढून टाकली. खास प्रशिक्षण घेतलेले फार्मासिस्ट स्वतः सलूनमध्ये येऊ लागले. डॉक्टरांशी आधीच करार झालेला होता: कोणतं औषध आधी, बीपी उतरलं नाही तर पुढचं कोणतं, सगळं ठरलेलं. फार्मासिस्ट दंडाला पट्टा बांधून बीपी मोजायचा, त्यानुसार गोळी लिहून द्यायचा किंवा मात्रा वाढवायचा, आणि रुग्णाच्या डॉक्टरला तसं कळवायचा. बोटातून थेंबभर रक्त घेऊन क्षार तिथल्या तिथे तपासले जायचे. ही तपासणी गरजेची, कारण लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर काढणाऱ्या गोळीने रक्तातलं पोटॅशियम घटू शकतं. औषधं नवी नव्हतीच. अ‍ॅम्लोडिपिन रक्तवाहिन्यांच्या स्नायूंत कॅल्शियम शिरू देत नाही, त्यामुळे वाहिन्या सैलावतात. जोडीचं दुसरं औषध त्यांना आवळणाऱ्या अँजिओटेन्सिनला अडवतं. स्वस्त, जुनी, जगभर मिळणारी औषधं. फक्त ती जिथे मिळाली, ती जागा नवी होती.

तुलनेच्या गटातही सलूनवाले गिऱ्हाइकांशी बोलत होतेच. मीठ कमी करा, डॉक्टरांना दाखवा, असं सांगत होते. या गटात १३०/८०च्या खाली पोहोचलेले १२ टक्केही नव्हते. फार्मासिस्ट येत असलेल्या गटात जवळपास ६४ टक्के पोहोचले. दोन्हीकडे विश्वास तोच, गोळीची सोय मात्र एकाच गटात. पुढच्या सहा महिन्यांत फार्मासिस्टच्या भेटी कमी केल्या, तरी उतरलेलं बीपी उतरलेलंच राहिलं. अहवाल आला त्याच वर्षी व्हिक्टर यांचं निधन झालं.

अडचणी अर्थातच आहेत. शहरभर पसरलेल्या सलूनमध्ये फार्मासिस्टने गाडीने फिरायचं, तर त्याचा बराच वेळ रस्त्यावरच जातो. संशोधनाचा निधी संपल्यावर त्याचा पगार कोणी द्यायचा, हा प्रश्नही उरतोच.

आपल्याकडे गणेशोत्सवात मंडळं आरोग्य शिबिरं भरवतात. तळमळीने भरवतात, रांगाही लागतात. बीपी मोजलं जातं, चिठ्ठीवर आकडा लिहून मिळतो, ‘डॉक्टरांना दाखवून घ्या’ असं सांगितलं जातं. हा थेट डॅलसचाच प्रयोग आहे, आणि डॅलसला जे झालं ते इथेही होतं.

दुसरी वाटही इथे आहे. नोव्हेंबर २०१७मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या टप्प्यात पाच राज्यांतले २५ जिल्हे होते. महाराष्ट्रातले भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा. तिथेही औषधांच्या पायऱ्या आधीच ठरवल्या, सरकारी केंद्रांत महिनाभराच्या गोळ्या एकदम मिळतील असं पाहिलं, आणि न आलेल्यांचा पाठपुरावा सुरू केला. मात्र आशाताई घरी येतात तेव्हा घरातले पुरुष बहुधा शेतावर नाहीतर कामावर असतात. हे पुरुष सापडतात कुठे? सातारा-कोल्हापूर भागात तरी उत्तर सोपं आहे. रोज सकाळ-संध्याकाळ डेअरीवर, दुधाची किटली घेऊन. बिलाच्या दिवशी तर कोणी चुकत नाही. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने त्या दिवशी बीपीचं यंत्र आणि डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या महिन्याच्या गोळ्या घेऊन डेअरीवर तासभर बसायला काय हरकत आहे? त्यासाठी लागणारी माणसं नेमलेली आहेत, औषधंही ठरलेली आहेत. दूध संस्थेने एक टेबल द्यायचं आणि आरोग्य खात्याने तशी परवानगी.