तलम हातकागद : घडण, गुण आणि उपयोग

इंदूर आणि एकंदर माळव्यातील जुन्या मराठी कुटुंबांच्या संग्रही मोडी कागदांचे रुमाल अद्याप आढळतात. मल्हारराव होळकरांपासून या प्रांतात मराठी राज्यकारभाराची भाषा झाली. अहिल्याबाईंच्या काळात (१७६७ ते १७९५) महेश्वरी आणि १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर इंदुरी हा कारभार चालला, व त्याच्या अनुषंगाने पत्रे, हिशेब, सनदा, वतनाचे कागद, घरगुती टिपणे यांची मोठी रास निर्माण झाली. त्यांतील जे सरकारी दप्तरात गेले त्याची काळजी सरकारी दप्तर घेते. परंतु जे घरोघरच्या पेट्यांतून व लहान संस्थांच्या कपाटांतून राहिले त्याची काळजी घरच्या माणसांनी आणि आपल्यासारख्या अध्यापकांनी व सभासदांनीच घ्यावयाची आहे. असे कागद बहुधा घडीवर फाटतात, कडेला झिजतात, कसरीने चाळणीसारखे होतात. ते सांधण्यास जो कागद लागतो तो मूळ कागदाहून पुष्कळ पातळ, परंतु चिवट असावा लागतो. असा तलम कागद हाताने कसा घडवितात आणि त्याची घडण कोणत्या तत्त्वावर आधारलेली आहे, हे या लेखात विशद करण्याचा आमचा हेतू आहे.

तलम म्हणजे किती तलम, हे प्रथम ठरविले पाहिजे. कागदाचे मान दर चौरस मीटरच्या वजनावर सांगण्याची रीत आहे. आपण नित्य लिहिण्यास वापरतो तो कागद दर चौरस मीटरला सुमारे ७० ते ८० ग्रॅम भरतो. वर्तमानपत्राचा ४५ ग्रॅमच्या आसपास. जुने दस्तऐवज सांधण्याचा कागद मात्र ५ ते १० ग्रॅमचा असतो. जपानात यंत्रावर केलेला अतितलम कागद २ ग्रॅमच्याही खाली उतरला आहे, आणि तो छापील मजकुरावर पसरला तरी अक्षर न अक्षर वाचता येते.

इतक्या पातळपणाचा आग्रह का, असा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याची कारणे दोन आहेत. जुन्या कागदाच्या पाठीवरही पुष्कळदा शेरे, तारखा, पोहोचेची टिपणे असतात. जाड ठिगळाने ती कायमची झाकली जातात. दुसरे असे की, ठिगळ मूळ कागदाहून ताठ असेल तर कागद वाकताना सारा ताण ठिगळाच्या कडेवर पडतो आणि तेथे नवी चीर जाते. एक फाट बुजविताना शेजारी दुसरी निर्माण करणे याला दुरुस्ती म्हणता येणार नाही. सांधणारा कागद दुर्बळ नसावा. पण तो मूळ कागदापुढे नमते घेणारा असावा.

आता आपल्याकडील जुन्या कागदाचे स्वरूप पाहू. जुन्नर, दौलताबादेजवळील कागजीपुरा आणि खानदेशातील एरंडोल ही महाराष्ट्रातील कागदाची नावाजलेली ठिकाणे होत. तेथील कागदी लोक जुनी तागाची पोती, दोर, चिंध्या यांचे तुकडे करून चुन्यात व खारात मुरवीत, ढेकीने कुटून त्यांचा लगदा करीत आणि तो पाण्याच्या हौदात कालवीत. हौदाच्या काठी बसून गवताच्या बारीक काड्यांची विणलेली चटई लाकडी चौकटीवर ताणून पाण्यात बुडवावयाची व आडवी वर उचलावयाची. पाणी निथळले की चटईवर ओला ताव उरतो. तावांची चळत दाबून पाणी काढीत, ताव गुळगुळीत भिंतींवर चिकटवून वाळवीत, मग त्यांना खळ लावून गुळगुळीत दगडाने घोटीत. या घोटीव कागदावर बोरू अडखळत नाही व शाई फुटत नाही. दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचा असा कागद आजही लवचीक असतो. उलट, लाकडाच्या लगद्यापासून तुरटी व राळ घालून यंत्रावर केलेला शंभर वर्षांचा छापील कागद हातात घेताच मोडतो, कारण त्यात आम्ल उत्पन्न होऊन त्याचे धागे आतून तुटतात.

तथापि जुन्नरी अथवा दौलताबादी कागद हा लेखनाचा कागद होता, सांधणीचा नव्हे. त्याला खळ व घोटाई आवश्यक होती. सांधणीच्या कागदाला दोन्ही वर्ज्य आहेत. तो मऊ, शोषक आणि बिनखळीचा हवा, म्हणजे लुकण त्यात समान मुरते. मात्र सुटी होणारी गवती चटई आणि ती हाताळण्याचे कौशल्य हे दोन्हींस सारखेच उपयोगी आहे. पातळ ओला ताव ताठ जाळीवरून सोडविताना फाटतो. लवचीक चटई मात्र पालथी करून एका कडेपासून अलगद गुंडाळीत नेता येते.

तलम कागदाचे पहिले मर्म धाग्यात आहे. जाड कागदात आखूड धागेही चालतात, कारण थरावर थर बसून ते एकमेकांस धरून ठेवतात. तलम कागदात थरच मोजके असतात. तेव्हा प्रत्येक धागा लांब असला पाहिजे. म्हणून जपानात कोझो या तुतीवर्गीय झुडपाची आंतरसाल वापरतात, तर नेपाळात लोकता या हिमालयीन झुडपाची. आपल्याकडे ताग व अंबाडी यांची साल लांब धाग्यांची आहे. बऱ्हाणपूर-जळगाव पट्ट्यात केळीची लागवड विपुल आहे. तिच्या सोपातून निघणारा धागाही लांब असतो. चहाच्या पुड्यांचा पातळ कागद ज्या मनिला तागापासून करतात तो ताग केळीच्याच कुळातला होय. होजिअरीच्या सुती कातरणांचा लगदा हातकागदाच्या केंद्रांतून सर्वत्र वापरला जातो. परंतु तलम कागदासाठी तो एकटा पुरत नाही, त्यास सालीच्या धाग्यांची जोड द्यावी लागते.

धागा मिळाल्यावर तो शिजवावयाचा. सुक्या धाग्याच्या वजनाच्या १५ ते २० टक्के धुण्याचा सोडा पाण्यात विरघळवून त्यात धागे दोन ते चार तास मंद उकळतात. हेतू असा की, धाग्यांना एकत्र बांधून ठेवणारा चिकट अंश निघून जावा, पण धागा स्वतः झिजू नये. बोटांनी ओढताच धागे सहज विलग होऊ लागले की शिजणे पुरे समजावे. नंतर स्वच्छ पाण्याने सोडा संपूर्ण निघेपर्यंत धुवावे आणि सालीचे काळे ठिपके, गाठी, कचरा हाताने वेचावा. हे काम कंटाळवाणे खरे, पण जाड कागदात दडून जाणारा कण तलम कागदात छिद्र होऊन बसतो.

पुढची पायरी कुटण्याची. येथे कुटणे आणि कापणे यांतील भेद लक्षात ठेवला पाहिजे. लाकडी मोगरीने धागे ठेचले असता त्यांच्या अंगावर अतिसूक्ष्म तंतू सुटतात व तेच वाळताना एकमेकांत गुंततात. लांबी मात्र कायम राहते. घरगुती मिक्सरमध्ये लगदा वाटल्यास धागे आखूड होतात आणि हाती येतो तो पुठ्ठ्याचा लगदा. उलट, फाजील कुटल्यास पाणी निथळत नाही व वाळताना ताव आकसून काचेसारखा ताठ होतो. चिमूटभर लगदा पाण्याच्या पेल्यात टाकून हलवावा. धागे ढगासारखे समान पसरले, कोठे गुंता दिसला नाही, म्हणजे कुटाई बेताची झाली.

इतके करूनही एक अडचण राहतेच. लांब धागे पाण्यात लवकर गुंततात आणि तळाशी बसतात; शिवाय चटईतून पाणी इतक्या वेगाने उतरते की धाग्यांना समान पसरण्यास अवधी मिळत नाही. यावर जपानी कारागिरांनी योजलेला उपाय या विद्येचे खरे रहस्य आहे. ते हौदात तोरोरो-आओइ नावाच्या झाडाच्या मुळांचा बुळबुळीत चीक घालतात. त्यास नेरी म्हणतात. हा चीक डिंक नव्हे. तो धागे चिकटवीत नाही, उलट त्यांना एकमेकांपासून अलग राखतो, पाणी दाट करतो आणि निथळण्यास विलंब लावतो. हे झाड आपल्या भेंडीचे जवळचे भावंड आहे. आपल्या गुऱ्हाळांतून उसाच्या रसातील मळी काढण्यासाठी भेंडीच्या झाडांचा चीक फार पूर्वीपासून वापरतात. तोच चीक येथेही कामी येतो. भेंडीची खोडे अथवा जून शेंगा ठेचून रात्रभर थंड पाण्यात ठेवाव्यात आणि ते पाणी फडक्यातून न पिळता गाळून घ्यावे. उष्णतेने या चिकाचा बुळबुळीतपणा नष्ट होतो; म्हणून जपानात हे काम हिवाळ्यात करीत आले आहेत. माळव्यातही ते मार्गशीर्ष-पौषातील सकाळीच करणे श्रेयस्कर.

अशा पाण्यातून ताव उचलण्याच्या पद्धतीला जपानीत नागाशिझुकी म्हणतात. चटई एकदा बुडवून पाणी झटकन पलीकडे सोडतात, त्याने पहिला नाजूक पापुद्रा बसतो. पुन्हा बुडवून चौकट पुढेमागे हेलकावीत पाणी खेळवितात, आणि उरलेले पाणी पलीकडे फेकतात. प्रत्येक बुडीला एक पापुद्रा चढतो. एकाच बुडीत पाणी स्वस्थ निथळू देण्याची जी दुसरी रीत आहे, तिने जाड ताव चांगला निघतो, तलम ताव ढगाळ व विषम होतो. ओले ताव मध्ये कापड न घालता एकावर एक रचले तरी, त्या चिकाच्या गुणामुळे, पुढे सुटे करता येतात. चळत रात्रभर हलक्या वजनाखाली ठेवून मग दाब हळूहळू वाढवावा, आणि एकेक ताव सोडवून मऊ कुंचल्याने गुळगुळीत फळीवर किंवा काचेवर पसरून वाळवावा.

ही हातोटी अभ्यासानेच साधते. परंतु शाळेत अथवा संस्थेत आरंभ करण्यास एक सोपा मार्ग आहे. तो हिमालयाच्या परिसरात रूढ आहे. चौकटीवर बारीक कापड ताणून ती उथळ पाण्यात तरंगत ठेवतात, मोजून घेतलेला लगदा तीत ओततात, हाताने समान पसरतात, आणि चौकट आडवी उचलून ताव तिच्यावरच उन्हात वाळवितात. येथे मोजमाप अगदी सरळ आहे. चौकट ३० सेंटिमीटर रुंद व ४० सेंटिमीटर लांब असेल तर तिचे क्षेत्रफळ ०.१२ चौरस मीटर. १० ग्रॅमी कागदासाठी तीत केवळ १.२ ग्रॅम सुका धागा हवा. तितक्याच आकाराच्या लेखनाच्या तावाला सुमारे ९ ग्रॅम लागतो. या दोन आकड्यांवरून तलम कागदात धाग्याची किती काटकसर असते, हे विद्यार्थ्यांच्या तत्काळ ध्यानी येईल.

कागद तयार झाला तरी तो वापरताना संयम हवा. जुन्या मोडी कागदांची शाई बहुधा काजळ व डिंक यांची असते. तिचा रंग उडत नाही, पण पाण्याने ती पसरू शकते. म्हणून प्रथम एखाद्या बिंदूवर ओलसर कापसाने परीक्षा करावी. सांधणीची पट्टी कात्रीने न कापता पाण्याची रेघ ओढून फाडावी, म्हणजे कडेचे धागे सुटे राहून मूळ कागदात मिसळतात. लुकण गव्हाच्या निव्वळ सत्त्वाचे, पातळ, आणि पुढे पाण्याने पुन्हा सोडविता येईल असे असावे. बाजारी चिकटपट्टी मात्र कटाक्षाने टाळावी. तिचा चिकट पदार्थ कागदात मुरून पिवळा डाग पाडतो आणि पट्टी गळून पडते तरी डाग जात नाही. मौल्यवान सनदेवर पहिला हात न चालविता तो निरुपयोगी कागदावर चालवावा, आणि फार जीर्ण कागद तज्ज्ञांकडेच सोपवावा.

हातकागदाच्या पुनरुज्जीवनाचे प्रयत्न मराठी मुलखात यापूर्वी झालेले आहेत. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने वर्ध्याच्या मगनवाडीत हे काम हाती घेतले, आणि के. बी. जोशी यांच्या परिश्रमातून १९४० साली पुण्यात हातकागद संस्था उभी राहिली. त्या प्रयत्नांचा रोख मुख्यतः लेखनाच्या कागदावर व ग्रामीण रोजगारावर होता. सांधणीचा तलम कागद ही त्याहून लहान, पण आपल्या कामाशी अधिक जवळची गरज आहे.

इंदूरने १९१७, १९३५ आणि २००१ या साली मराठी साहित्य संमेलने भरविली; त्या परंपरेचे मूळ ज्या कागदांत आहे ते कागद आज वाचणारे थोडे आहेत, कारण मोडी जाणणारेच थोडे आहेत. लिपी पुन्हा शिकता येते. एखादा विद्यार्थी वीस वर्षांनी मोडी शिकेल आणि आजोळच्या रुमालाची गाठ सोडील. त्या वेळी घडीवरची ओळ जागेवर असली पाहिजे. ती तेथे राहावी एवढ्यासाठी सव्वा ग्रॅम धागा, मूठभर भेंडी आणि हिवाळ्यातील एक सकाळ खर्च करणे आपल्या अध्यापकांना व सभासदांना जड वाटू नये, असे आम्हांस वाटते.