बोराएवढा टोमॅटो इतका गोड कसा? उत्तराचा धागा जालन्यापर्यंत येतो

अंतरवाली सराटी हे नाव सप्टेंबर 2023 पासून अख्ख्या महाराष्ट्राला माहीत झालं, ते मराठा आरक्षणाच्या उपोषणामुळे. एरवी अंबड तालुक्यातला हा पट्टा कापूस, ऊस आणि मोसंबीचा. पण मोबाईल सगळीकडे सारखाच. पुण्यात फिरणारा रील इथल्या बांधावरही पोहोचतो. लालचुटूक चेरी टोमॅटोचे घोस, मागे गाणं आणि वर अक्षरं, ‘एकरात लाखो कमवा’.

मॉलमध्ये किंवा डिलिव्हरी ॲपवर हा टोमॅटो 200-250 ग्रॅमच्या प्लास्टिकच्या डबीत मिळतो. भाव साध्या टोमॅटोच्या कित्येक पट. चव अशी की पोरं बोरं खाल्ल्यासारखी तोंडात टाकतात. मग शंका येतेच. याला इंजेक्शन देतात का? हा जीएम आहे का?

दोन्हीचं उत्तर नाही. भारतात जीएम टोमॅटोच्या व्यावसायिक लागवडीला परवानगीच नाही. आणि बोराएवढ्या शेकडो फळांना एकेक सुई टोचत बसायचं म्हटलं, तर मजुरीतच डबीची किंमत निघून जाईल.

खरं कारण टोमॅटोच्या जन्मात आहे. त्याचा रानटी पूर्वज पेरू आणि इक्वेडोरच्या भागात आजही उगवतो आणि त्याचं फळ वाटाण्याएवढं असतं. म्हणजे मूळ टोमॅटो लहानच. माणसाने पिढ्यान् पिढ्या मोठ्या फळाचं बी धरलं आणि तो फुगत गेला. फळाचा आकार ठरवणारा एक महत्त्वाचा जनुक 2000 साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी शोधून काढला. चेरी टोमॅटो इस्रायलने ‘शोधला’ असंही सोशल मीडियावर वाचायला मिळतं. तिथल्या शास्त्रज्ञांनी तो दुकानात टिकेल असा केला, हे त्यांचं श्रेय. पण चेरीसारख्या टोमॅटोची नोंद 1623 सालच्या एका युरोपीय वनस्पतिग्रंथातही आहे.

फळ फुगलं की गोडी पातळ होते. पानं साखर तयार करतात ती ठराविकच. ती मोठ्या, पाणीदार फळात वाटली गेली की चव फिकी. साध्या टोमॅटोचा ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखर आणि इतर विरघळलेल्या घटकांचं माप, साधारण 4 ते 5 असतो. चांगल्या चेरी टोमॅटोत तो 7-8 च्या पुढे जातो. उसाच्या पट्ट्यात ब्रिक्स काय ते वेगळं सांगायला नको.

त्यात पैदासकारांकडून एक गंमतही झाली. बाजाराला एकसारखं पिकणारं फळ हवं होतं, म्हणून देठाजवळ गडद हिरवा ‘खांदा’ असलेली झाडं त्यांनी बाजूला काढली. 2012 साली कळलं की तो खांदा घालवणाऱ्या बदलाने फळाची साखर बनवायची ताकदही कमी केली. गावरान टमाट्याची आठवण काढणारी म्हातारी माणसं अगदीच चुकीची नव्हती.

आता जालना. 1964 साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको सुरू केली. सुरुवात भेंडीच्या बियाण्यापासून. पुढे जालना बियाण्यांची राजधानी म्हणून ओळखलं जाऊ लागलं आणि 1998 साली बारवाल्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं. आजही जाफराबादपासून शेजारच्या बुलढाण्यातल्या देऊळगाव राजापर्यंत शेडनेटमध्ये शेतकरी कंपन्यांसाठी मिरची, टोमॅटोचं संकरित बी तयार करतात.

हे काम बघण्यासारखं असतं. मादी झाडाची कळी उमलायच्या आधी चिमट्याने उघडायची, तिचे पुंकेसर अलगद काढायचे. दुसऱ्या दिवशी नर झाडाचे पराग तिच्यावर लावायचे. एक फूल, मग दुसरं, असं दिवसभर. बहुतेक ठिकाणी हे बायका करतात. फळ पिकलं की चिरून बी काढायचं, आंबवून धुवायचं, सुकवायचं. इथे माल म्हणजे बी, गर नव्हे.

मॉलमध्ये दिसणारे बरेचसे चेरी टोमॅटो असेच संकरित असतात. ज्याची जगभर वाहवा होते तो केशरी ‘सन गोल्ड’ जपानच्या टोकिटा कंपनीचा. अशा फळातलं बी पेरलं तर तीच चव येईलच असं नाही. दरवेळी बी विकत घ्यायचं. सरळ वाण असेल तर मात्र बी घरी धरता येतं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा ‘फुले जयश्री’ आणि दिल्लीच्या पुसा संस्थेचा ‘पुसा चेरी टोमॅटो-1’ हे आपल्याकडचे वाण आहेत.

मग रील खोटा का? भाव खरा आहे, हिशोब अर्धा आहे. साधे टोमॅटो किलोत दहा-बारा बसतात. चेरीचे साठ-सत्तर तोडावे लागतात, तेही एकेक. वेल उंच वाढतो, त्याला दोरीने बांधून वर चढवायचा. पाणी कमी-जास्त झालं की फळ तडकतं, आणि तडकलेलं फळ डबीत चालत नाही.

सगळ्यात मोठी अडचण गिऱ्हाइकाची. साधा टोमॅटो क्रेटमध्ये भरून बाजार समितीत नेता येतो. तिथलेही हाल जुलै 2023 मध्ये दिसले. शहरात भाव किलोला 200 रुपयांच्या वर गेला आणि दोन महिन्यांत शेतकऱ्यांवर माल फेकायची वेळ आली. पण पडेल भावाने का होईना, तिथे बोली लागते. चेरी टोमॅटोचे खरेदीदार म्हणजे मोठी हॉटेलं, मॉल आणि ॲपवाले, मुख्यतः महानगरांत. समृद्धी महामार्गाने जालन्याहून मुंबई जवळ आणली, पण गाडी भरायच्या आधी घेणारा ठरलेला हवा. तो नसेल तर तालुक्याच्या बाजारात बोराएवढ्या टोमॅटोला कोण किती देणार? त्यामुळे शेडनेटचं कर्ज काढण्याआधी रीलवाल्याला एकच विचारावं, माल कोणाला विकला?

आणि डबी आणलीच असेल तर ती फ्रीजमध्ये ठेवू नका. 12 अंशांच्या खाली टोमॅटोचा वास तयार करणारे जनुक मंदावतात, हे फ्लोरिडा विद्यापीठाच्या संशोधकांनी 2016 साली दाखवलं. साखर तेवढीच राहते, पण ज्या चवीसाठी एवढे पैसे मोजले तिच्यातला अर्धा भाग वासाचाच असतो. ओट्यावर ठेवा, दोन-तीन दिवसांत संपवा.