खर्च कोणी उचलला?

नागपूरहून वर्ध्याला जाणारा लोहमार्ग मनीषनगरला खेटून जातो. गाडीने तासाभराचं अंतर. त्याच वर्ध्यात ३१ डिसेंबर १९३६ रोजी बेंजामिन मेझ गांधीजींना भेटले. मेझ म्हणजे वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठातल्या धर्मशास्त्र विभागाचे प्रमुख, बाप्टिस्ट पाद्री, आणि पुढे मार्टिन ल्यूथर किंग यांचे गुरू. अहिंसेवर बोलणं झालं, जातीवरही झालं. या भेटीवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला मात्र जमाखर्चाच्या वहीत डोकावायची खोड आहे. ज्यांचे आईबाप गुलामीत जन्मले, त्या माणसाचं बोटीचं भाडं भरलं कोणी? म्हैसूरला वायएमसीएची जागतिक परिषद होती. तिचे प्रतिनिधी म्हणून मेझ आणि चॅनिंग टोबायस आले होते. वर्धा हा त्या दौऱ्यातला वळसा.

त्याच्या सुमारे वर्षभर आधी कृष्णवर्णीय धर्मचिंतक हॉवर्ड थर्मन येऊन गेले होते. त्यांच्या चौघांच्या शिष्टमंडळामागे अमेरिकेतल्या वायएमसीए-वायडब्ल्यूसीए आणि इकडची विद्यार्थी ख्रिस्ती चळवळ होती. थर्मन आधी तयारच नव्हते. गोऱ्यांच्या ख्रिस्ती धर्माची वकिली करायला आपल्याला पाठवताहेत, असं दिसेल ही त्यांची धास्ती. ती खोटी ठरली नाही. कोलंबोत एका कायदेपंडिताने त्यांना तोंडावर विचारलं, की ज्यांच्या धर्माने तुम्हाला गुलाम केलं त्यांचा झेंडा घेऊन तुम्ही इथे काय करता? थर्मन यांना या प्रश्नाचं उत्तर आयुष्यभर शोधावं लागलं. फेब्रुवारी १९३६ मध्ये बारडोलीला गांधीजींची भेट झाली ती याच दौऱ्यात. म्हणजे पैसे देणाऱ्याचा हेतू एक आणि पदरात पडलं ते भलतंच, असंही होतं.

खुद्द किंग १९५९ मध्ये भारतात आले, तेव्हा क्वेकर संस्थेमार्फत ख्रिस्तोफर रेनॉल्ड्स फाउंडेशनने ४,००० डॉलर दिले. उरलेला भार त्यांच्या स्वतःच्या संघटनांनी उचलला. त्यांतली एक दोन वर्षांपूर्वी अटलांटात जन्मली होती. जानेवारी १९५७ मध्ये साठेक कृष्णवर्णीय पुढारी, बहुतेक पाद्रीच, तिथे जमले ते किंग यांच्या वडिलांच्या चर्चमध्ये. सभागृह घरचं, माणसं घरची. कृष्णवर्णीयांच्या चर्चची ताकद इथेच आहे. दर रविवारी ताट फिरतं, मोलकरणीपासून शिक्षकापर्यंत सगळे त्यात टाकतात, आणि भाविकाने कमाईचा दशांश द्यावा ही रीत आहे. पाद्र्याचा पगार गोऱ्या मालकाच्या हातात नसतो. म्हणून शाळामास्तराला जे बोलता येत नव्हतं, ते पाद्री व्यासपीठावरून बोलू शकले.

आता उलटी बाजू. १९६७ मध्ये गोऱ्या ख्रिस्ती पंथांच्या पैशावर एक आंतरधर्मीय प्रतिष्ठान उभं राहिलं. त्याचे संचालक ल्यूशस वॉकर, स्वतः कृष्णवर्णीय पाद्री. या प्रतिष्ठानाने एप्रिल १९६९ मध्ये डेट्रॉइटला कृष्णवर्णीयांची आर्थिक विकास परिषद बोलावली. तिथे नागरी हक्क चळवळीतले कार्यकर्ते जेम्स फोरमन यांनी जाहीरनामा वाचला आणि मागणी केली ती थेट प्रायोजकांकडेच: गोऱ्या चर्चांनी आणि सिनेगॉगांनी ५० कोटी डॉलर नुकसानभरपाई द्यावी. यजमानाच्या पंगतीत बसून यजमानालाच बिल द्यायचा हा प्रकार! ४ मे रोजी न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये चालू उपासना थांबवून त्यांनी तीच मागणी मांडली, तेव्हा तिथले मुख्य पाद्री बाहेर निघून गेले. रॉकफेलर यांच्या पैशातून उभं राहिलेलं ते चर्च. कृष्णवर्णीय पाद्र्यांची राष्ट्रीय समिती मात्र फोरमन यांच्या पाठीशी राहिली. त्याच वर्षी एपिस्कोपल चर्चने २,००,००० डॉलर मंजूर केले ते या समितीच्या नावे. फोरमन यांच्या परिषदेला सरळ पैसे देणं जड जात होतं, म्हणून मधे पाद्री घातले. आपल्याकडच्या संस्थांना ही वाट शिकवावी लागत नाही. मागितलेल्या रकमेच्या मानाने एकूण हाती आलं ते अगदीच किरकोळ.

रिव्हरसाइड चर्चपासून दोन पावलांवर कोलंबिया विद्यापीठ आहे. १९१३ मध्ये बाबासाहेब तिथे गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या दरमहा साडेअकरा पौंडांवर, आणि परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करण्याच्या करारावर. त्या नोकरीत बडोद्यात राहायला जागासुद्धा मिळेना, हे सर्वांना ठाऊक आहे. आश्रयदाता कितीही उदार असला तरी त्याचं औदार्य कचेरीतल्या शिपायापर्यंत पोहोचत नाही.

आश्रयदात्याला मर्यादा असते, हा मुद्दा नागपूरकरांना १९२० मध्येच कळला होता. ३० मे ते १ जून या तीन दिवसांत इथे शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृतांची परिषद भरली. अस्पृश्यांचे प्रतिनिधी कायदेमंडळाच्या सभासदांनी निवडावेत, अशी विठ्ठल रामजी शिंदे यांच्या डिप्रेस्ड क्लासेस मिशनची भूमिका होती. शिंद्यांची कळकळ खरी होती, त्याबद्दल वाद नाही. पण परिषदेने त्या भूमिकेविरुद्ध ठराव केला. आमच्यासाठी झिजलात, तरी आमच्या वतीने बोलायचा मक्ता तुमचा नाही, असा त्याचा सरळ अर्थ.

मग १४ ऑक्टोबर १९५६. मनीषनगरहून वर्धा रोडने शहरात शिरून थोडं वळलं की दीक्षाभूमी. त्या सोहळ्याला राजाश्रय नव्हता, परदेशी मिशनची थैलीही नव्हती. वामनराव गोडबोले आणि त्यांच्या भारतीय बौद्धजन समितीने तयारी केली, आणि लाखो माणसं पदरमोड करून आली. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात बाबासाहेबांनी पैशाची गोष्ट आडपडदा न ठेवता काढली: या कार्यासाठी प्रत्येकाने आपल्या मिळकतीचा विसावा हिस्सा द्यावा. तिकडे दशांश, इकडे विसावा. दोन्हींत देणारा गरीब, आणि म्हणून हिशेब विचारायला मोकळा.

आज कुठलीही धम्म परिषद घ्या, संमेलन घ्या, मराठी आयोजकांची पहिली बैठक स्वागताध्यक्षपदावर अडते. हे पद कशासाठी असतं ते मंडपवालाही जाणतो. मग फ्लेक्सवर भन्तेंच्या फोटोशेजारी बिल्डरचा फोटो येतो, तोही जरा मोठाच. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला रस्त्याकडेला जे भोजनदान चालतं, त्यात मात्र वस्तीवस्तीतून तांदूळ, डाळ, तेल जमतं. पुरी तळणारी बाई कोणाच्या उपकारात नसते. परिषदेचं बजेट पुरीभाजीवर भागत नाही, हे मला मान्य आहे. मंडप, ध्वनिक्षेपक, पाहुण्यांची तिकिटं, सगळं रोख लागतं. प्रायोजक घ्यावा. पण आधी पावतीपुस्तकं वस्तीत फिरवावीत, आणि प्रायोजकाचं नाव पावत्यांच्या बेरजेखाली लिहावं.